‘गरोदर असाल तर जर्मनीत विमा मिळत नाही’ हा दावा चुकीचा आहे

जर्मनीला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: गरोदरपण ‘आधीपासूनचा आजार’ धरलं जातं, त्यामुळे दिवस गेलेले असताना जर्मनीत गेलात तर तिथे कोणी विमा देत नाही. म्हणून भारतातून मोठी ट्रॅव्हल पॉलिसी घेऊन जा, पोचल्यावर प्रायव्हेट विमा काढा, आणि जमलं तर बाळंतपण माहेरीच उरका.

हे वाचून नवरा तिकडे आणि बायको इकडे असे कित्येक महिने काढणारी जोडपी आहेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या भीतीपोटी ते हे करतात ती बहुतेकांच्या बाबतीत निराधार असते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कोणी विमा देत नाही.’ जर्मनीत आरोग्यविम्याच्या दोन व्यवस्था आहेत, आणि संदेश लिहिणाऱ्याने त्या एकच धरल्या आहेत. एक पब्लिक, म्हणजे कायद्याने चालणारी सार्वजनिक व्यवस्था, आणि दुसरी प्रायव्हेट, जिच्याकडे पुढे येते. आधी पब्लिक. टीके, एओके, बार्मर, डीएके ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं. अशा विमासंस्थेला तिथे क्रांकेनकासे म्हणतात. ज्याला कायद्याने सदस्य होता येतं, त्याला तब्येतीच्या कारणावरून क्रांकेनकासे नाकारू शकत नाही. वैद्यकीय तपासणी नसते आणि प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळही नसतो. हप्ता पगारावर ठरतो: मूळ दर 14.6 टक्के, वर त्या त्या कासेचा थोडा अधिभार, आणि त्यातला निम्मा भार कंपनी उचलते. बाई सातव्या महिन्यात असली तरी हप्त्यात एका सेंटचाही फरक पडत नाही.

नोकरी नवऱ्याची असेल आणि तो पब्लिकमध्ये असेल, तर बायकोचा विमा त्याच्याच सदस्यत्वात होतो, वेगळा हप्ता न देता. अटी मोजक्या: ती जर्मनीत राहायला आलेली असावी आणि तिचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावं (2025 मध्ये साधारणपणे महिना 535 युरो). पुढे बाळही तसंच जोडलं जातं.

नोकरी तिची स्वतःची असेल तर बाजू आणखी भक्कम आहे. कामाच्या पहिल्या दिवसापासून विमा सुरू होतो. मुलाखतीत गरोदरपणाबद्दल विचारायची कंपनीला मुभा नाही. कंपनीला कळवलेलं असेल तर प्रोबेशनमध्येसुद्धा, प्रसूतीनंतर चार महिन्यांपर्यंत, तिला सहजासहजी काढता येत नाही. प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवड्यांची संरक्षित रजाही कायद्याने मिळते.

‘भारतातून ट्रॅव्हल पॉलिसी घ्या, सगळं भागेल.’ ती व्हिसासाठी आणि पोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांसाठी लागते, तेवढीच. अशा पॉलिसींत आधीपासूनचं गरोदरपण बहुधा वगळलेलं असतं. फार तर अचानक उद्भवलेली गुंतागुंत धरतात. नेहमीच्या तपासण्या आणि प्रसूती तिच्या भरवशावर सोडू नका.

‘पोचल्यावर प्रायव्हेट काढा.’ सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं, म्हणून इथे थोडं थांबते. प्रायव्हेट कंपन्या तब्येतीचे प्रश्न विचारतात, आणि उत्तरं पाहून नाकारू शकतात. चालू गरोदरपण असेल तर बहुतेक कंपन्या अर्ज बाजूला ठेवतात किंवा ही प्रसूती वगळतात. शिवाय प्रसूतीसाठी आठ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लावायला कायद्याची परवानगी आहे. प्रायव्हेटमध्ये बायकोला मोफत जोडण्याची सोयही नाही. तिचा करार वेगळा, हप्ता वेगळा. म्हणजे संदेशातली भीती खरी ठरते ती नेमकी इथे, आणि संदेश लोकांना इथेच पाठवतो.

यात अडकतात ते मुख्यतः चांगल्या पगाराचे लोक. वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (2025 मध्ये 73,800 युरो), तर पब्लिक सक्तीचं राहत नाही. मग एखादा एजंट तरुण, धडधाकट नवऱ्याला त्याच्या एकट्याचा स्वस्त हप्ता दाखवतो. बायको मागाहून येणार आहे आणि तिला दिवस गेलेत, हे त्या हिशेबात कुठेच नसतं. सही झाली की पगार मर्यादेच्या वर असेपर्यंत पब्लिकमध्ये परतणं फार कठीण.

अशा पगारदारासाठी एक तरतूद आहे, आणि ती या संदेशाऐवजी फिरायला हवी होती: जर्मनीत आयुष्यातली पहिलीच नोकरी धरणाऱ्याला मर्यादेच्या वर पगार असला तरी स्वेच्छेने पब्लिकमध्ये जाता येतं, मात्र अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. घरात बाळ येणार असेल तर हाच अर्ज आधी भरा, हे माझं ठाम मत आहे.

‘पब्लिकमध्ये काहीच धड मिळत नाही.’ गरोदरपणाच्या ठरलेल्या तपासण्या, तीन सोनोग्राफी, प्रसूती आणि त्यानंतर घरी येऊन बाळ-बाळंतीण बघणारी हेबामे, म्हणजे प्रशिक्षित सुईण, हे सगळं त्यात येतं. हेबामे बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत येऊ शकते. आई-सासूबाईंना व्हिसा मिळाला नाही तर या भेटींचा आधार किती मोठा असतो, हे तिथे बाळंत झालेल्या कुणालाही विचारा. अडचण एवढीच की शहरांत हेबामे सहज मिळत नाही, तेव्हा पोचल्या पोचल्या फोन सुरू करा. विम्याचं कार्ड टपालाने यायला वेळ लागतो. तोवर कासेकडून सदस्यत्वाचं पत्र मागून घ्या, डॉक्टरकडे ते चालतं.

‘माहेरी बाळंतपण स्वस्त आणि सुरक्षित.’ आईचा हात हवासा वाटणं अगदी साहजिक आहे, त्यासाठी कुणी पुण्या-कोल्हापुरात थांबत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. पण विम्याच्या कारणाने थांबू नका. नोकरी सोडली की कंपनीचा गटविमा बहुधा संपतो, आणि भारतात नव्या वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीसाठीचा प्रतीक्षाकाळ नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत असतो. वर, उशिरा निघायचं ठरवलं तर बऱ्याच विमान कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 च्या पुढे घेत नाहीत.

दोन ठिकाणी मात्र खरंच जपायला हवं. फ्रीलान्स व्हिसावर भारतातून थेट येणाऱ्याला पब्लिकचं दार सहसा उघडं नसतं. त्याने गरोदर बायकोला आणण्याआधीच विम्याचा लेखी करार हातात घ्यावा. आणि बायको फक्त पाहुणी म्हणून, अल्पमुदतीच्या व्हिसावर येणार असेल, तर ती नवऱ्याच्या सदस्यत्वात बसत नाही. बाकीच्यांनी क्रम एवढा पाळावा: नवऱ्याची नोकरी सुरू होऊ द्या, त्याला पब्लिकमध्ये नाव घालू द्या, मग बायको राहण्याच्या व्हिसावर येऊ दे. ती आली की लगेच पत्त्याची नोंदणी करा आणि त्याच आठवड्यात तिला जोडण्याचा फॉर्म कासेकडे पाठवा.