सिल्कसाँगचा दोष अवघडपणात नाही, वाटेत आहे

नमस्कार,

'हॉलो नाइट: सिल्कसाँग' या व्हिडिओ गेमच्या माझ्या परीक्षणावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मी अवघडपणाचं कौतुक केलं, पण हा अवघडपणा बनावट आहे. एका फटक्यात दोन मास्क (म्हणजे जीव मोजायचे एकक) उडवणारे शत्रू, मेल्यावर बॉसपर्यंत, म्हणजे त्या भागातल्या बलाढ्य शत्रूपर्यंत, पुन्हा तुडवायची लांब वाट आणि पैसे मोजल्याशिवाय बसू न देणारे बाक, जिथून मेल्यावर पुन्हा सुरुवात होते, हे सगळं रात्री जेमतेम तासभर खेळू शकणाऱ्या माणसाच्या वेळेची किंमत न करणारं आहे. 'सराव करा' हा सल्ला तुम्हाला उद्धट वाटला. आणि लास्ट जज या बॉसपाशी तुम्ही गेम सोडून दिलीत.

यातलं बरंच मला पटतं. पण 'बनावट' हा शब्द तुम्ही सगळ्या गेमला लावता, तिथे मी थांबतो.

हॉर्नेट या नायिकेच्या चालीपासूनच सुरुवात करू, कारण गेमचा जीव त्यात आहे. पहिल्या भागाचा, म्हणजे 'हॉलो नाइट'चा, नायक नाइट खाली वार करायचा तो सरळ खाली. हॉर्नेट तिरकी झेपावते. त्यामुळे शत्रूच्या डोक्यावर उसळी घ्यायची असेल तर नेमकं त्याच्या वर असून भागत नाही, थोडं अलीकडे असावं लागतं. हंटर्स मार्च या भागातल्या लाल फुलांवरून उड्या मारत जाताना सुरुवातीला प्रत्येकाचा संताप होतो, माझाही झाला. तुम्ही याला 'बिघडलेलं कंट्रोल' म्हणालात. मला ते तसं वाटत नाही, कारण ते दर वेळी अगदी सारखंच वागतं. तोच कोन, तेच अंतर. चुकतो तो आपला अंदाज, आणि अंदाज सुधारता येतो. एकदा बोटांना तो कोन कळला की पडद्यावरची जागाच वेगळी दिसू लागते: कुठून सुटायचं, कुठे पकड घ्यायची, झगा पसरून कुठे तरंगायचं. त्यातूनही तिरकी उडी नकोच असेल तर वॉन्डरर क्रेस्ट (वाराची पद्धत बदलणारं चिन्ह) लावला की वार पुन्हा सरळ खाली होतो. सराव करा म्हणताना मला हेच म्हणायचं होतं. जिथे शिकण्यासारखं काही आहे, तिथेच सरावाला अर्थ आहे.

माउंट फे हा डोंगर तुम्ही अजून पाहिलेला नाही, म्हणून फार फोडत नाही. गारठा हळूहळू मास्क खातो, उबेच्या जागा दूरदूर आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर निव्वळ उड्यांच्या हिशेबावर कापायचं. वर पोचल्यावर दुहेरी उडी मिळते. तोवर शिकलेली प्रत्येक चाल त्या चढणीवर कामाला येते, आणि खाली आल्यावर ओळखीचा नकाशा नव्याने उघडतो. प्लॅटफॉर्म प्रकारच्या गेममध्ये इतकी नेमकी रचलेली चढण मी क्वचितच पाहिली आहे. कॉगवर्क डान्सर्स हा बॉसही तसाच. दोन यांत्रिक नर्तक तालावर फिरतात, ताल ऐकला की कुठे उभं राहायचं ते कळतं. शेवटी त्यातला एकच उरतो आणि त्याची गती मंदावते. तिथे ख्रिस्तोफर लार्किनचं संगीत आणि लढाई वेगळी काढताच येत नाही.

आता दोन मास्कचा मुद्दा. इथे गणित मांडायला हवं. हॉर्नेटकडे सुरुवातीला पाच मास्क असतात. दोन-दोन मास्क घेणाऱ्या शत्रूपुढे तिसऱ्या फटक्याला ती मरते. मास्कचे चार तुकडे शोधून सहावा मास्क मिळवलात, तरी तिसऱ्या फटक्यालाच मरते. म्हणजे तुम्ही कानाकोपरे धुंडाळून जे पहिलं बक्षीस कमावता, त्याचा अशा बॉसपुढे उपयोग शून्य. हा दोष आहे आणि तो मोठा आहे. मात्र याच्या दुसऱ्या बाजूकडे तुमचं दुर्लक्ष झालंय. नाइटला एका वेळी एकच मास्क भरता यायचा, तोही जमिनीवर उभं राहून. हॉर्नेट एका दमात तीन भरते, आणि हवेत असतानाही भरू शकते. तीन भरणाऱ्या नायिकेला एकेकाचे फटके दिले असते तर लढाईत धारच राहिली नसती. म्हणून मोठ्या बॉसच्या ठळक, आधी इशारा देणाऱ्या वाराला दोन मास्क गेले तर मला ते न्याय्य वाटतं. नुसतं अंग घासलं म्हणून दोन जावेत, जसं सॅव्हेज बीस्टफ्लाय करतो, ते मला मान्य नाही. शिवाय तो आणखी किडे बोलावतो, आणि मग आपण त्याच्या हालचाली वाचत नाही, गर्दीतून जीव वाचवत राहतो.

वाटेच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, आणि तुमच्यापेक्षाही कडक बोलेन. पेटीवर अवघड तान बसवताना आपण चुकलेल्या जागेपासून पुन्हा धरतो. प्रत्येक चुकीला गुरुजींनी कोपऱ्यापर्यंत चालून यायला लावलं, तर तान पक्की होणार नाही, पाय दुखतील. लास्ट जजपर्यंतची वाट नेमकी तशी आहे. ड्रिल घेऊन अंगावर येणारे किडे आणि नेमक्या उड्या पहिल्यांदा उत्तम वाटतात, पण मग त्यात शिकण्यासारखं उरत नाही. बॉसचा नवा वार आत्ता कुठे लक्षात आला होता, तो वाटेतच विसरायला होतो. बाइलवॉटर हा भाग त्याहून वाईट. तिथल्या पाण्यातल्या अळ्या अंगाला चिकटतात, उपचार करायला जावं तर आधी त्या झटकण्यातच उपचाराला लागणारं रेशीम खर्च होतं, आणि जवळचा बाक फसव्या भिंतीमागे दडवलेला. तो सापडला नाही, तर ग्रोल या बॉसपर्यंतचा प्रत्येक फेरा ही निव्वळ शिक्षा आहे. 'सेलेस्ट' 2018 साली आली. तिथे मेल्यावर क्षणात त्याच पडद्यावर पुन्हा उभं राहता येतं, आणि तरीही ती गेम कोणी सोपी म्हणत नाही. शिवाय हवं त्याला सहाय्यक मोडही आहे. सिल्कसाँगमध्ये तसा पर्यायच नाही. फटके तसेच ठेवून फक्त बॉसच्या दाराशी पुन्हा उभं राहण्याची मुभा दिली असती, तर या गेमचं काहीच बिघडलं नसतं.

हत्यारांचंही तेच. सापळे आणि फेकायची हत्यारं शार्ड नावाच्या तुकड्यांवर भरतात. बॉसशी झगडताना तेच सगळ्यात जास्त लागतात आणि तेव्हाच संपतात. मग अडलेल्या माणसाने लढाई सोडून शार्ड गोळा करत फिरायचं. ज्याला मदतीची गरज आहे त्याचीच मदत आधी आटते, ही उलटी रचना आहे. रोझरी या गेममधल्या चलनाचं गणितही सुरुवातीला तंग आहे, जनावरांसारख्या किड्यांकडून त्या मिळतच नाहीत, आणि बाकाला मात्र त्या मोजायच्या.

हे सगळं असं का झालं असावं? सिल्कसाँगचा उगम 2014 च्या किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या मोहिमेत दिलेल्या एका वचनात आहे: हॉलो नाइटला जोडायचं, हॉर्नेटला घेऊन खेळायचं वाढीव प्रकरण. फेब्रुवारी 2019 मध्ये ती स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झाली आणि 4 सप्टेंबर 2025 ला आली. वाढीव प्रकरण खेळतो तो मूळ गेम पचवलेला माणूस, आणि मला वाटतं त्याच माणसाला समोर ठेवून या गेमची पहिली पायरी बांधली गेली. हे नवीनही नाही. 1986 साली जपानमध्ये आलेला मारिओचा दुसरा भाग असाच पहिला भाग कोळून प्यायलेल्यांसाठी होता, विषारी मशरूम आणि मागच्या टप्प्यात ढकलणारे वार्प झोन (आडवाटा) घेऊन. अमेरिकेत त्याऐवजी दुसरीच गेम मारिओ 2 म्हणून दिली गेली, आणि मूळ भाग 1993 मध्ये 'लॉस्ट लेव्हल्स' नावाने पोचला.

गेम बनवणाऱ्या टीम चेरीने पहिल्याच पॅचमध्ये (सुधारणेत) मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस थोडे सौम्य केले, सॅंडकार्व्हर या शत्रूचा फटका कमी केला, मधल्या टप्प्यातल्या काही बाकांचे आणि बेलवे या प्रवासाच्या सोयीचे दर उतरवले. तुम्ही म्हणता, ही त्यांनी दिलेली कबुली आहे. दरांपुरतं ते मला पटतं. पण मूरविंगला हात लावायची गरज नव्हती, लांब वाटांना होती.

टीम चेरीच्या अरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी अवघडपणावर दिलेलं स्पष्टीकरण असं, की एका जागी अडलात तर दुसरीकडे जायचं स्वातंत्र्य खेळणाऱ्याला आहे. हे खरं आहे, पण गेम ते नीट सांगत नाही, आणि तुमचं तिथेच अडलंय. सिटाडेलमध्ये, म्हणजे वरच्या गडात, शिरायला लास्ट जज हा एकच रस्ता नाही. ग्रेमूरमधून सिनर्स रोडला जा, तिथून द मिस्ट गाठा. धुक्यात हरवायला होईल, तेव्हा नीडोलिन हे वाद्य वाजवा, म्हणजे पुढची दिशा कळेल. पलीकडे फॅंटम नावाची बॉस आहे. तिची लढाई जजसारखी रेटारेटीची नाही, वाराला वार भिडवण्याची आहे. तिला हरवलंत की तुम्ही सिटाडेलच्या पोटात असाल. सेव्ह फाइल पुसली नसेल तर एवढं करून बघा, आणि फॅंटमबद्दल तुमचं मत मला जरूर कळवा.