१०८० टीआय देऊन ४०६० घेतलं, फरक शून्य: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. लगेच लिहिलेलं उत्तर जरा तापलेलं होतं, म्हणून पुसलं आणि आधी टेबलावर मशीन मांडली.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. या सरांनी त्यांचं २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आमच्याकडे एक्स्चेंजला दिलं, त्याचे ९,००० धरले, आणि वर २०,५०० देऊन आरटीएक्स ४०६० नेलं. त्यांचं म्हणणं असं: गेममध्ये सेकंदाला एक फ्रेमसुद्धा (म्हणजे एक चित्रसुद्धा) वाढली नाही, एका गेममध्ये तर आधीपेक्षा जास्त अडकतंय, दुकानाने ‘दुप्पट फास्ट’ सांगून फसवलं आणि चांगलं कार्ड स्वस्तात लाटलं.

‘दुप्पट’ हा शब्द आमच्याच माणसाचा आहे. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, त्याने कबूल केलं. त्याने जो तक्ता पाहिला होता त्यात फ्रेम जनरेशन चालू धरलेलं होतं. म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्ड आपल्या मनाने एक बनवून घालतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा फुगतो, चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर बंदूक वळायला लागणारा वेळ काही कमी होत नाही. शिवाय त्या तक्त्यात तुमचं कार्ड नव्हतंच. ही चूक दुकानाची, म्हणजे माझी. त्याबद्दल माफी मागतो.

आता कार्डांचं. ४०६० हा आकडा १०८० पेक्षा मोठा दिसतो म्हणून कार्ड मोठं, असं रोज एक तरी गिऱ्हाईक धरून येतं. सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन आकडे त्या पिढीतली पायरी. तुमचं जुनं कार्ड त्या काळच्या जवळजवळ सगळ्यात वरच्या पायरीवरचं होतं, नवं आहे ते २०२३ मधलं खालून मोजायच्या पायरीवरचं. जुन्यात ११ जीबी मेमरी आणि तिच्याकडे जाणारा ३५२ बिटचा रस्ता, त्यातून सेकंदाला ४८४ जीबी माल जातो. नव्यात ८ जीबी, १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी. कागदावर नवंच गरीब वाटतं. ते तरीही मागे पडत नाही, कारण चिपच्या आत २४ एमबीचा कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी आहे, जुन्यात तीन एमबीही नव्हता. ओट्यावर मिसळणाचा डबा भरलेला असला की कोठीच्या खोलीत फेऱ्या कमी होतात, तसंच हे. एवढं सगळं होऊनसुद्धा साध्या गेममध्ये ४०६० तुमच्या जुन्या कार्डाच्या थोडंसंच पुढे असतं. हे विकायच्या आधी सांगायला हवं होतं.

‘एक फ्रेमसुद्धा वाढली नाही’ याचं कारण मात्र वेगळं निघालं. आमच्याकडे दुरुस्तीच्या कपाटात एक आय-सेव्हन ७७०० प्रोसेसरची मशीन आहे, तुमच्याच पिढीची. तिच्यात आधी तुमचं जुनं कार्ड लावलं, मग ४०६०. मॉनिटर तुमच्यासारखाच, ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५च चित्रं दाखवणारा, आणि फ्रेम तेवढ्यावरच बांधून ठेवणारं व्ही-सिंक चालू. दोन्हींना ७५. ढिम्म हलेना. ५०६० लावलं असतं तरी ७५च दिसले असते. व्ही-सिंक काढलं तर आकडे वर गेले, पण बऱ्याच गेममध्ये दोन्ही कार्डं जवळजवळ एकाच जागी येऊन थांबली: प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर आणि ४०६० साठ-पासष्टवर निवांत. कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलेलं. तुमचा मॉनिटर कुठला, प्रोसेसर कुठला, हे दोन प्रश्न काउंटरवर विचारले असते तर मी तुम्हाला कार्ड विकलंच नसतं, आधी मॉनिटर घ्या म्हटलं असतं.

आणि तो अडकणारा गेम. तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, मलाही ते दिसलं. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) अल्ट्रावर ठेवलं की ८ जीबी भरते आणि उरलेला माल मशीनच्या रॅममधून आणावा लागतो. ४०६० ला पीसीआयच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन दिलेल्या आहेत. नव्या बोर्डावर त्या पुरतात. तुमच्या बोर्डावरचं पीसीआय तिसऱ्या पिढीचं, तिथे त्याच आठ लेनमधून निम्माच माल जातो. जुन्या कार्डाला सोळा लेन होत्या आणि ११ जीबीमुळे बाहेर जायची वेळच येत नव्हती. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झी सॉफ्टवेअर उघडून पाहा, ‘बस इंटरफेस’च्या रकान्यात शेवटी एक्स ८ ३.० (आठ लेन, तिसरी पिढी) लिहिलेलं दिसेल. टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, हा त्रास जाईल. डोळ्याला फरक कळणार नाही, निदान मला कळला नाही.

पण ‘फरक शून्य’ हे मी मान्य करणार नाही. तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात की मुलगी ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकते. तिला रेंडर करून बघायला सांगा, सेटिंगमध्ये कुडाऐवजी ऑप्टिक्स (रे-ट्रेसिंगचे कोअर वापरणारा पर्याय) निवडून. आमच्याकडे तोच सीन जुन्या कार्डाच्या तिपटीहून जास्त वेगाने झाला. जुन्यात रे-ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे कोअर नाहीतच, लहान चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारं डीएलएसएसही चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम तर असे कोअर नसलेल्या कार्डावर चालवायला दिलेलाच नाही. विजेचं म्हणाल तर पूर्ण लोडवर जुनं २५० वॅट ओढतं, नवं ११५. रोज चार तास तसे गेले तर महिन्याला सोळाएक युनिटं वाचतात. उन्हाळ्यात खोली तापायची ती वेगळीच.

राहिलं ‘लाटलं’. तुमचं कार्ड विकलेलं नाही. पंख्यातली धूळ काढली, चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलली, त्याच कामाच्या पॅडांचं तेल सुटून बोर्डावर आलं होतं ते पुसून नवे पॅड लावले. आधी लोडवर ८३ अंशांना जायचं, आता ७१ ला थांबतं. मागच्या प्लेटवर तुम्ही स्केचपेनने लिहिलेली खरेदीची तारीख तशीच आहे. हवं असेल तर ४०६० परत द्या, २०,५०० परत घ्या, जुनं कार्ड घेऊन जा. पेस्ट-पॅडचे पैसे नकोत. फक्त एक जाणून घ्या, लपवून देणार नाही: या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत, पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील.

माझं मत विचाराल तर मुलीसाठी ४०६० ठेवा आणि पुढच्या पैशात १४४ हर्ट्झचा मॉनिटर बघा, आमच्याकडूनच घ्या असं नाही. निर्णय तुमचा. स्टार वाढवा असंही म्हणत नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी चारनंतर मी स्वतः असतो. कॅबिनेट घेऊन या, बोर्डाचा बायोसही बघून देतो. आणि बाजूच्या झाकणाचे स्क्रू शोधून आणा, मागच्या वेळी चारातले दोनच होते.