थोरल्या देशांसाठी काही मोलाच्या सूचना

परवा इंदूरच्या रामबागेत आमच्या पाच मराठी मंडळांची बैठक झाली. गणपतीच्या मांडवाचा भाव सगळ्यांनी मिळून उतरवायचा, असं ठरलं. सर्वांत मोठ्या मंडळाच्या अध्यक्षांनी एकजुटीवर असं भाषण केलं की पोहे गार झाले. मांडववाल्याकडे गेलो तर तो म्हणतो, "भिया, उनका तो पिछले हफ्ते ही हो गया."

युरोपीय संघ मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळला. तुमचा देश एखाद्या गटात थोरला असेल, तर लिहून घ्या.

बोलणी गटाच्या नावानं करा, सौदा स्वतःच्या. २०१४ मध्ये पोलंडचे पंतप्रधान टुस्क म्हणाले, रशियाचा गॅस सगळे मिळून घेऊ, म्हणजे एकेकाला गाठून वेगळा भाव लावता येणार नाही. तुम्ही मान डोलवा. रशियानं युक्रेनचा क्रिमिया गिळल्याला दीड वर्ष झालं की २०१५ मध्ये जर्मनीसारखं तुमच्या कंपन्यांना रशियाच्या सरकारी गॅस कंपनीबरोबर, गाझप्रॉमबरोबर, नॉर्ड स्ट्रीम २ या गॅसच्या नळाच्या करारावर सह्या करू द्या. नळ समुद्राखालून, पोलंड आणि युक्रेन दोघांना वळसा घालून. पोलंड आणि बाल्टिक देश ओरडले तर 'हा व्यापारी प्रकल्प आहे' म्हणा. वर्षानुवर्षं म्हणा. अहो, रशियाचे रणगाडे ज्यांच्या अंगणातून गेलेत ते सांगत होते ना! ऐकायला काय जात होतं? जर्मनीनं नळाची मंजुरी थांबवली कधी, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्याच्या दोन दिवस आधी. आणि मग 'युरोप एक आहे' म्हणायला शेजारी उभं कुणाला केलं? त्याच पोलंडला.

युरोपचं मत धाकट्यांना न विचारता जाहीर करा. ते वेगळं बोलले तर, इराक युद्धाच्या वेळी २००३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शिराक म्हणाले तसं, गप्प बसायची चांगली संधी घालवलीत म्हणून सुनवा.

परराष्ट्र धोरणाला सत्तावीस देशांचं एकमत लागतं, तेव्हा काहीही अडलं की बोट हंगेरीकडे.

आपल्या दक्षिण आशियाई देशांच्या सार्कचं म्हणाल तर २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही. पण घरचं इथे नको, लोक चिडतात.

पुरे झालं. समोर बसलेल्याला सगळं दिसत असतं हो. आधी फोन कुणाला लावायचा, हे त्याला पाठ असतं. थोरले आहात ना? मग बैठक बोलावण्याआधी स्वतःच्या सौद्याचा कागद टेबलावर ठेवा. ठेवायचा नसेल तर एकजुटीचं नाव काढू नका. आणि उद्या धाकट्यानं आपली सोय पाहिली, तर त्याला फुटीर म्हणताना निदान जीभ चाचरू द्या.