बाप बोलला तर बिघडलं काय?

तलावपाळीच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच अव्या सुरू झाला. "ज्यांचा पोरगा आत्महत्येनं गेला, त्या बाबांना कॉलेजात भाषणाला बोलवायची गरज काय होती? घरातलं दुःख असं चव्हाट्यावर मांडतात का? समोर कोवळी पोरं. नाही ते डोक्यात भरायचं!"

(पोरांच्या डोक्यात काहीही भरता येतं, असं अव्याचं ठाम मत आहे. अपवाद फक्त त्याच्या चिरंजीवांच्या गणिताचा.)

नंद्या झेरॉक्सचं शटर ओढून नुकताच टेकला होता. "विचारल्यानं कुणाच्या डोक्यात येत नाही रे. आलेलं असतंच, फक्त बोलायला वाट मिळते. तू भाषण ऐकलंस?"

"ग्रुपवर आलं होतं."

"म्हणजे नाही ऐकलंस."

मास्तर मध्ये पडले. ते क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट परदेशातून सुरू करावी लागते. "व्हिएन्नात मेट्रोतल्या आत्महत्यांच्या बातम्या अगदी मीठमसाला लावून यायच्या. १९८७ मध्ये पत्रकारांसाठी सूचना काढल्या, तसली वर्णनं थांबली, आणि प्रकार झपाट्यानं कमी झाले. म्हणजे अव्याचं अगदीच चूक नाही. काय सांगता, त्यावर आहे."

"मग बाबांनी काय सांगितलं?" नंद्या म्हणाला. "कसा गेला, चिठ्ठी होती का, एक अक्षर नाही. पोरगा गोलकीपर होता. ग्राउंडवर जायचा बंद झाला, हातमोजे मित्राला देऊन टाकले. घरच्यांना वाटलं, चला, अभ्यासाला लागला! एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नोट्स काढायला आलेल्या दोन पोरी त्या हातमोज्यांवरच बोलत होत्या."

"पण कारण लपवलंच ना? मार्कांचं सांगून टाकायचं!"

"अव्या, मार्कांमुळे गेला असं म्हणाले असते, तर तेवढेच मार्क पडलेल्या प्रत्येकाला वाटलं असतं, आता आपला नंबर. एवढं साधं नसतं ते."

अव्यानं मग कायदा काढला. हरायला लागला की तो कायदा काढतो. "आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा आहे! पोलीस केस होते!"

"२०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा वाच," मास्तर म्हणाले. "असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं, शिक्षा नाही. २०२२ सालात देशात १३,०४४ विद्यार्थी गेले, त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत आपला नंबर पहिला. त्यांना काय कलमं लावणार?"

संध्या इतका वेळ गप्प होती. "तुम्ही सगळे पोरांचंच बोलताय. त्या माणसाला दर कॉलेजात तेच पुन्हा उकरायला लावायचं? आणि आईला विचारलं का कुणी, हे सगळं सांगू का म्हणून?"

याला नंद्याकडेही उत्तर नव्हतं. "दर वेळी त्यांनीच कशाला बोलायला हवं," तो जरा वेळानं म्हणाला. "आपण विचारू की आपापल्या पोरांना. मी १४४१६ मशीनवर चिकटवलाय. टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. परवा एकानं त्या कागदाचाच झेरॉक्स मागितला. पैसे नाही घेतले."

"आमच्या वेळी असले लाड नव्हते," अव्या पुटपुटला. "नापास झालो, दोन फटके खाल्ले, विषय संपला."

"कुठे संपला?" संध्या उसळली. "बारावीच्या निकालाला तू गायब! तुझे अण्णा रात्री अकराला आमच्या दारात. चेहरा बघवत नव्हता त्यांचा. आम्ही सायकली घेऊन अख्खं नौपाडा पालथं घातलं!"

"मी मावशीकडे होतो. डोंबिवलीला."

"श्रीखंड खात!" मास्तर म्हणाले.

"आम्रखंड होतं," अव्या म्हणाला, आणि मास्तरांच्या नाकातून चहा आला.

"आणि ती सायकल माझी होती," नंद्या म्हणाला. "तुला शोधताना पंक्चर झाली. त्याचे पैसे अजून बाकी आहेत."

"व्याजासकट देतो, पण आजचा चहा तुझ्यावर!"

मग चहाचे कोण देणार, यावर पुढची वीस मिनिटं.