बोट शिंद्यांची, कंपनी आपली

आज ५ एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन. भाचीच्या शाळेत कार्यक्रम होता म्हणून मुद्दाम रजा टाकून गेले. पडद्यावर डोंगराएवढं कंटेनर जहाज आणि खाली नाव, ‘एस. एस. लॉयल्टी’. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. पाहुणे म्हणाले, १९१९ साली आजच्या दिवशी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. टाळ्या. पुढची स्लाइड.

अहो, ती बोट कुणाची, कुठून आली, पुढे तिचं काय झालं? एका पोरानेही विचारलं नाही. विचारावं असं काही सांगितलंच नव्हतं ना!

माझे आजोबा दाभोळकडचे, सिंदिया कंपनीच्या बोटींवर खलाशी. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मला बॅलार्ड इस्टेटला नेऊन सिंदिया हाउस दाखवलं होतं. मी विचारलं, “म्हणजे तुमचे मालक शिंदे?” तर हसून म्हणाले, “नाय गो बाय. बोट शिंद्यांची, कंपनी आपली.” तेव्हा काही कळलं नाही.

लॉयल्टी मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडात बॅरोला बांधलेली, १८९१ पासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग अशा फेऱ्या करणारी. पांढरीशुभ्र, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, नाळ, म्हणजे पुढचं टोक, शिडाच्या जहाजासारखी पुढे झेपावलेली. फोटो बघाच एकदा, नजर हटत नाही. १९१४ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली आणि महायुद्धातल्या हिंदी सैनिकांसाठी तिचं इस्पितळ केलं. नाव ठेवलं लॉयल्टी. ही निष्ठा इंग्रज सरकारवरची होती, ते मला टोचतं. मान्य.

पण पुढे बघा ना. युद्ध संपल्यावर आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि नरोत्तम मोरारजींनी हीच बोट घेतली. शिंद्यांकडून आली म्हणून त्यांच्या जहाज कंपनीचं नाव सिंदिया! आणि इंग्रजनिष्ठेचं नाव मिरवणारी ती बोट इंग्रज कंपन्यांची हुकमत असलेल्या समुद्रात हिंदी मालकीची म्हणून लंडनला निघाली. हे मुलांना सांगायचं नाही तर काय सांगायचं? आजोबांचं वाक्य मला इथे उमगलं. राजाची बोट राजाची राहिली नाही, ती दाभोळच्या खलाशालाही ‘आपली’ म्हणता आली.

बोट जुनी होती, धंद्यात तिने पैसा दिला नाही, हेही खरं. १९२३ मध्ये मुंबईतच मोडीत गेली.

आता ऐका. तिची सख्खी बहीण ‘एम्प्रेस ऑफ जपान’ १९२६ मध्ये व्हँकुव्हरला मोडली. तिच्या नाळेवरचा ड्रॅगन तिथल्या लोकांनी वाचवला, त्याची प्रतिकृती आजही स्टॅन्ली पार्कात पाण्याकाठी उभी आहे. तिकडची पोरं त्या ड्रॅगनकडे हात दाखवून विचारत असतील, हे काय? आपल्याकडे मी लॉयल्टीचा खिळासुद्धा पाहिलेला नाही. जिच्यामुळे हा दिवस आपण साजरा करतो तिच्या नावाखाली भलत्याच जहाजाचा फोटो लावतो. तारीख पाठ, बोट गायब. संताप येतो हो!

दुपारी जरा शांत झाले. स्लाइड बनवणाऱ्या बाईंवर चाळीस मुलं, तपासायच्या वह्या, वर हे असले दिवस. नेटवर पहिला दिसला तो फोटो त्यांनी घेतला असेल. आजोबांनी मला हाताला धरून नेलं नसतं तर मीही त्या टाळ्यांतच असते.

म्हणून बाईंना खरा फोटो पाठवला, दोन धुराड्यांचा, पांढरा. आत्ता उत्तर आलं, ‘सोमवारी मुलांना दाखवते. तुम्ही याल का सांगायला?’

जाणार आहे. आजोबांचं वाक्य आधी फळ्यावर लिहीन, आणि मुलं विचारेपर्यंत गप्प बसेन.