हेल्मेटचा वाद आणि डिस्चार्जनंतरचा सोळावा दिवस

हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा हुकूम 1 ऑगस्ट 2025 पासून इंदूरात लागू झाला, तेव्हा गल्लीतल्या फेरीला हेल्मेट कशाला, पंपावरच्या पोरांनी पोलिसांचं काम का करावं, यावर भरपूर बोलणं झालं. हेल्मेट हवंच. पण इथे ब्रिटनमध्ये बसून ही चर्चा वाचताना खटकतं ते एवढंच, की ज्यांच्या डोक्याला मार लागून गेला त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

टाके सुकतात, माणूस चालू-बोलू लागतो, आणि इंदूरच्या सुदामानगरातल्या घरात कुजबुज सुरू होते: ‘आळशी झालाय’, ‘एवढा चिडका कधी नव्हता’. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की पुष्कळदा काम सुरू करण्याची चालनाच जाते, राग आवरता येत नाही. पुष्कळांची वास घेण्याची शक्ती जाते, मग गॅस गळला तरी कळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आयुष्मान योजनेत दाखल रुग्णाचा वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत खर्च निघतो, डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतचाही. सावरायला महिने, कधी वर्षं लागतात. सोळाव्या दिवसापासून सगळा भार बायकोवर किंवा आईवर येतो, आणि तिला कोणी काही शिकवलेलं नसतं.

ओपीडीतच पाहा. ‘मंगळवारी साडेदहाला या, जुने रिपोर्ट आणा, आधी पर्ची काढा, मग बारा नंबरला जा.’ एका दमात चार सूचना. स्मरणशक्ती अधू झालेल्याच्या डोक्यात त्यातली एखादीच उरते. तो चुकीच्या खिडकीपाशी उभा राहतो, गोंगाटाने डोकं भणाणतं, घरी निघून जातो. असं दोनदा झालं की ‘पेशंट येतच नाही’ असा शेरा पडतो. यावर उपाय स्वस्त आहे. आदल्या संध्याकाळी एक संदेश, निघायच्या दोन तास आधी दुसरा, घरातल्या एकालाही तोच. एका ओळीत एकच सूचना, सोबत खोलीच्या दाराचा फोटो. वेळ सकाळची, कारण दुपारनंतर थकवा वाढतो. खोली शांत, मध्ये विश्रांती. आणि ‘कळलं ना?’ असं कधीच विचारू नये, त्यावर सगळेच मान डोलावतात. ‘आता काय करणार, सांगा बरं’ असं विचारलं की किती पोचलं ते कळतं.

इथे 1979 पासून ‘हेडवे’ ही संस्था मेंदूची इजा झालेल्यांसाठी काम करते. ती फोटो असलेलं ओळखपत्र देते. त्यावर त्या व्यक्तीच्या अडचणी लिहिलेल्या असतात. जीभ अडखळते, तोल जातो, म्हणून पोलिसांनी दारुडा समजू नये यासाठी ते फार कामी येतं. तरी इथे सगळं आलबेल नाही. स्थानिक शाखा देणग्यांवर आणि नगरपालिकेच्या पैशांवर तगतात, काही बंदही पडल्या, आणि कितीतरी रुग्ण एकटे राहतात. इंदूरात घरी माणसं आहेत, ही मोठी जमेची बाजू.

इंदूरात अडतं ते अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापाशी. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मेंदूची इजा वेगळी नाही. हातपाय किंवा वाचा गेली तर नोंद होते. विसराळूपणा आणि बिघडलेला सारासार विचार यांना नेमका रकाना मिळत नाही, आणि बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. म्हणून तपासणीआधी दोन आठवडे वही ठेवा: तारीख, काय विसरलं, त्याने काय बिघडलं, कोणाला धावावं लागलं. न्यूरोसायकॉलॉजिस्टचा, म्हणजे मेंदूच्या इजेने स्मरण आणि वागण्यावर काय परिणाम झाला ते तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाचा, लेखी अहवाल जोडा. ‘वागणं बदललं’ एवढ्याने प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे भागत नाही.

इंदूरच्या एमवायसारख्या (महाराजा यशवंतराव) मोठ्या सरकारी रुग्णालयाकडून यासाठी नवी इमारत मागायची गरज नाही. डिस्चार्जच्या कागदावर एका माणसाचं नाव, फोन नंबर आणि तो कोणत्या वेळी उचलला जाईल, एवढं छापून मिळावं.