एक घाला, तीन काढा

फुकटची उष्णता काढायला चांगलं मशिन लागत नाही. इनपुट, म्हणजे आत घातलेली वीज, वाईट मोजता आलं की झालं. परवा शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मला "तुमाला कळतंय, जरा बघा की" म्हणून नेलं. दावा असा: त्यांच्या मशिनमध्ये एक युनिट वीज घातली की तीन युनिटांचं गरम पाणी, ते अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या लॉजवाल्यांना विकायचं. हार होता, पेढे होते, फेटे होते. पॉवर मोजणारा वॉटमीटर तेवढा नव्हता. तिथं मिळालेलं ज्ञान तुमच्याही कामी यावं म्हणून हा प्रपंच.

टाँग टेस्टर, म्हणजे जबड्यात तार धरून करंट मोजणारा मीटर, अख्ख्या केबलभोवती लावा. फेज आणि न्यूट्रल एकाच जबड्यात आले की करंट शून्याच्या आसपास. व्हिडिओ तेवढ्यात काढून घ्या.

पंप आणि पॅनेलचा सप्लाय शेजारच्या सॉकेटवरून घ्या. ते काही इनपुट नव्हे.

हीटर थेट जोडू नका, मध्ये थायरिस्टर (विजेची लाट कापून पॉवर कमी करणारा स्विच) घाला आणि त्याच्या पुढं स्वस्तातल्या मीटरनं मोजा. हा मीटर सरासरी काढून तिला १.११ नं गुणतो, म्हणजे समोर गुळगुळीत साइन वेव्ह आहे असं धरून चालतो. प्रत्येक अर्ध्या लाटेचा पहिला निम्मा भाग कापला की तो करंट २९ टक्के कमी दाखवतो, व्होल्टेजही तेवढंच कमी. गुणाकार केला की खऱ्या पॉवरच्या निम्मा. मी हे बोललो तर उत्तर आलं, "सर, मीटर डिजिटल हाय, चुकंल कसा?"

थ्री फेज असेल तर सोन्याहून पिवळं. मीटरचे तीन क्लॅम्प (तारेभोवती अडकवायचे चिमटे) असतात, प्रत्येकावर दिशेचा बाण असतो. एक क्लॅम्प उलटा लावा. दर फेजला हजार वॉट जात असतील तर मीटर हजार अधिक हजार वजा हजार करतो. गेले तीन हजार, दिसले एक हजार. आलं ना तिप्पट? २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत इटलीच्या आंद्रेआ रॉसी यांच्या ई-कॅटची, अशाच जादा उष्णतेचा दावा करणाऱ्या यंत्राची, ३२ दिवस चाचणी झाली. इनपुटच्या तिपटीहून जास्त उष्णता निघते, असा अहवाल प्राध्यापक मंडळींनी सह्यांनिशी दिला. मग क्लॅम्प उलटा होता का, थर्मल कॅमेऱ्यात यंत्राच्या ॲल्युमिना कवचाची उत्सर्जकता (तापल्यावर ते किती उष्णता बाहेर फेकतं तो आकडा) चुकीची घातली का, यावर लोक भांडत बसले. पण त्यांनी निदान मीटर कोणता हे लिहिलं होतं, म्हणून भांडता तरी आलं. इथं मी क्लॅम्पचे बाण बघायला वाकलो तर पॅनेलचं दार लावून घेतलं. म्हणे पेटंट आहे. बाणाचं पेटंट!

वाफ निघाली तर ती पूर्ण कोरडी धरा. तिच्यासोबत उडालेले, वाफ न झालेले थेंब मोजत बसू नका, तेही वाफेच्याच हिशेबात जातात.

हीट पंपसुद्धा तिप्पट देतो, असं एका फेटेवाल्यांनी ऐकवलं. देतो की! हवेतली उष्णता ओढून देतो, आणि तसं सांगूनच विकतात. तुमच्या डब्यात कॉम्प्रेसर कुठाय?

अरे, लाज वाटू द्या जरा. शेडच्या दारातच महावितरणचा मीटर आहे. बाकीचं सगळं बंद करून आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहायला पेन लागतो, बुद्धी नाही. लाटा कापलेल्या असतील तर थायरिस्टरच्या अलीकडं, सप्लायच्या बाजूला, चांगला पॉवर ॲनलायझर (वेडीवाकडी लाटही नीट मोजणारा मीटर) लावा, न्यूट्रल असेल तर तिन्ही फेजवर. आधी साधा हीटर टाकून बघा. ३ किलोवॉट तासभर दिले की १०० लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापतं, एवढं बारावीच्या पोरालाही काढता येतं. त्याच मीटरवर साधा हीटरही तिप्पट दिसला तर खोट मीटरच्या जोडणीत आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही ती चाचणी करत नाही. आणि ज्या डिग्रीवाल्यानं न मोजता तुमच्या तिपटीच्या दाव्याच्या कागदावर सही ठोकली, त्यानं ती डिग्री भिंतीवरनं काढून ठेवावी. लॉजवाल्यांकडून घेतलेला ॲडव्हान्स आधी परत करा. पुढच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण मला पाठवू नका, पॅनेलचं दार उघडं ठेवणार असाल तरच पाठवा.